घुमट ऐकलेल्या कानांसाठी जॅझ

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर एक सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यावर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. त्याच तबकडीवर जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग याचा ‘मेलँकली ब्लूज’ही आहे. इतकी वर्षं ही दोघं एकाच तबकडीवरून प्रवास करताहेत आणि इथे आपण मात्र ‘जॅझ आपल्याला कळत नाही बाबा’ म्हणून मोकळे होतो.

गोव्यातल्या मराठी घरांत जॅझची ओळख बहुधा चुकीच्या जागी होते. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मासळी येईपर्यंत मागे काहीतरी सॅक्सोफोन वाजत असतो आणि आपण समजतो की जॅझ म्हणजे हेच, जेवणाबरोबरचं लोणचं. ज्याने चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीत झांज धरली आहे, सप्ताहात रात्र जागवली आहे, नाट्यगीताची तान समेवर येते कधी म्हणून श्वास रोखला आहे, त्याचा कान अर्धा तयारच असतो. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख. जॅझचा इतिहास पाठ करायची गरज नाही. गोव्याचं वर्ष जसं सरकतं तसं एकेका सणाला एकेक ध्वनिमुद्रण धरायचं आणि तेच तेच ऐकायचं. नवशिक्याचं नुकसान कमी ऐकल्याने होत नाही, एका दिवसात चाळीस गाणी ऐकल्याने होतं.

आधी दोन गोष्टी करा

पहिली गोष्ट ऐकायच्या साधनाची. मोबाइलच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नका. महागडी यंत्रणा हवी असं मुळीच नाही, वायरवाले साधे इअरफोन पुरतात. पण मोबाइलच्या स्पीकरातून डबल बेस जवळजवळ गायब होतो. डबल बेस म्हणजे ते माणसाच्या उंचीचं, उभं राहून बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. जॅझमध्ये तंबोऱ्याचं काम तेच करतं आणि तबल्याचंही बरंचसं तेच. ते ऐकू आलं नाही तर बाकीचे लोक हवेत हातवारे करताहेत असं वाटतं. मी पहिली दोन वर्षं तसंच ऐकलं आणि ‘यांना ठेकाच नाही’ असं लोकांना सांगत फिरलो.

दुसरी गोष्ट टाळीची. गायिका एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या 1956 च्या ‘एला अँड लुई’ या तबकडीतलं ‘चीक टू चीक’ लावा. चार मात्रा मोजा. आपला हात आपसूक पहिल्या मात्रेवर पडेल, समेची सवय आहे त्याला. आता त्याला अडवा. पहिलीला गप्प, दुसरीला टाळी, तिसरीला गप्प, चौथीला टाळी. सुरुवातीला उलट्या दिशेने चालणाऱ्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवल्यासारखं होतं. चार-पाच दिवसांत हात ऐकतो, आणि हात ऐकला की गाणं झुलायला लागतं. ते लोक याला स्विंग म्हणतात. पुस्तकात वाचून तो कळत नाही.

हे सगळं फारच परकं वाटत असेल तर एक ओळखीचं दार आहे. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, यांचा 1951 चा ‘अलबेला’. त्यातल्या ट्रंपेटमागे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ आहे. मुंबईच्या हॉटेलांत तो चिक चॉकलेट या नावाने गाजला आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’त तर तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. ती लिपी वाचता येणारी ही पोरं पुढे पोटापाण्यासाठी मुंबईला गेली, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करू लागली. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही सगळी त्याच वाटेने गेलेली माणसं. तेव्हा ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’वर तुमचा पाय हलला असेल तर निम्मं काम आधीच झालं आहे.

जून आणि जुलै: घरात बसायचे दिवस

वर्षाची सुरुवात पावसापासून करावी. ट्रॉलर बंद, शॅक मोडलेले, संध्याकाळी कुठे जायचं नाही. मे संपायच्या आत मात्र गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा. पहिल्या वळवाबरोबर वीज जाते, मग नेटवर्क जातं. एकदा ऐन सोलोच्या, म्हणजे एकट्या वादकाच्या उपजेच्या, मध्यात माझं गाणं तुटलं, ते पुढच्या दिवशी दुपारी पुरं झालं.

24 जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. माथ्यावर पानाफुलांचं कोपेल, विहिरीत उड्या, जावयाचे लाड. दुसऱ्या दिवशी गाव झोपलेला असतो. तो 25 जूनचा दिवस पियानोवादक बिल इव्हान्सला द्या. 1961 साली याच तारखेला, रविवारी, न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हँगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये त्याच्या त्रिकुटाचं वादन ध्वनिमुद्रित झालं. ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हँगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या दोन तबकड्या त्यातून निघाल्या. पेले किणकिणताना ऐकू येतात, कुणीतरी गप्पा मारतंय, कुणी हसतंय. तिकडे पियानो, बेस आणि ड्रम्स इतक्या हळू आवाजात बोलताहेत की आपणच त्या लोकांना ‘शू’ म्हणावं. लक्ष बेसवर ठेवा. वाजवणारा स्कॉट लफारो पंचवीस वर्षांचा होता. तो मागे राहून साथ करत नाही, पियानोशी जुगलबंदी करतो, मध्येच प्रश्न टाकतो, पियानोचं वाक्य पुरं करतो. त्यानंतर अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. हे माहीत झाल्यावर ते ऐकणं बदलतं, पण आधी एकदा माहीत नसल्यासारखं ऐका.

जुलैची लांबलेली दुपार माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्ल्यू’साठी. 1959 ची ही तबकडी सगळेच सुचवतात, त्यामुळे मला तिचं नाव घ्यायचं नव्हतं. पण तीनताल ओळखणाऱ्या माणसासाठी हिच्याइतकी सोपी शाळा नाही. पहिलं गाणं ‘सो व्हॉट’. सुरुवातीच्या रेंगाळणाऱ्या आलापीनंतर बेस एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन सुरांत ‘बरं, मग?’ असं उत्तर देतात. तिथून बोटांवर सोळा मात्रांचा तीनताल धरा. पहिली चार आवर्तनं एकाच भूमीवर आहेत. मग दोन आवर्तनं सगळा संच अर्ध्या स्वराने वर चढतो, आणि शेवटची दोन पुन्हा खाली. आठ आवर्तनांचा हा एक फेरा. सुरुवातीची धून म्हणजे बंदिशीचा मुखडा. तो संपला की फेरा तोच राहतो आणि त्यावर एकेक जण आपली उपज मांडतो. माइल्सचा ट्रंपेट दोन फेरे घेतो, मग जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन दोन, मग कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा दोन. आवर्तनं मोजत राहिलात तर चढण कधी येणार हे आधीच कळू लागतं, आणि वादक त्या चढणीवर पाय कसा टाकतो हे बघण्यात सगळी गंमत आहे. त्याच तबकडीतलं ‘फ्रेडी फ्रीलोडर’ हा ब्लूज आहे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेला एक ठरीव साचा, त्याचा फेरा जेमतेम तीन आवर्तनांचा.

डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं ‘टेक फाइव्ह’ हेही 1959 चंच. पाच मात्रांचं आहे म्हणून झपताल धरायला जाल तर हात अडखळेल. झपताल दोन-तीन असा चालतो, पियानोचा हा ठेका तीन-दोन असा. उलटा धरा, बसतो.

आणि एक पोर्तुगीज गाणं. ‘आग्वास द मार्सो’, म्हणजे मार्चचं पाणी. ब्राझीलच्या अंतोनियो कार्लोस जोबिमचं हे 1972 चं गाणं. एलिस रेजिना आणि जोबिम दोघांनी मिळून 1974 मध्ये गायलेलं ऐका. तिकडे मार्चमध्ये उन्हाळ्याचा पाऊस संपतो. काठी, दगड, काच, वाटेत पडलेलं काहीबाही अशी नुसती यादी आहे, पाण्यातून वाहून आलेल्या वस्तूंची असावी तशी. आपल्याकडे ते जूनमध्ये बसतं. शेजारी कुणी पोर्तुगीज शिकलेले आजोबा असतील तर त्यांच्याकडून ओळ न् ओळ समजून घ्या, त्यांचीही संध्याकाळ बरी जाईल.

श्रावण

वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. पहाटे तीनच्या पारीला बसलेल्यांना विचारा, तेच नाम शंभराव्यांदा घेताना काय होतं ते. जॉन कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ त्या दिवसांत ऐका. 9 डिसेंबर 1964 ला ध्वनिमुद्रित झालेलं, चार भागांचं, अर्ध्या तासाहून थोडं अधिक. देवाला वाहिलेलं आहे असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पहिल्या भागात बेस चार सुरांची एक छोटी पट्टी धरतो. सॅक्सोफोन तीच पट्टी वेगवेगळ्या स्वरांवरून पुन्हा पुन्हा म्हणतो, जणू प्रत्येक दारावर तेच नाव घेऊन थाप देतोय. शेवटी वाद्य थांबतं आणि माणसाचा आवाज तेच चार सूर शब्दांत म्हणू लागतो. चौथ्या भागात कोल्ट्रेनने स्वतःची एक प्रार्थना सॅक्सोफोनवर ‘वाचली’ आहे, शब्दागणिक सूर. ती प्रार्थना तबकडीच्या वेष्टनावर छापलेली आहे. ती समोर ठेवून ऐकलं की पोथी मनात वाचणाऱ्या माणसाचे ओठ दिसावेत तसं होतं.

हे एकट्याने ऐका. मी एका वर्षी चवथीला घर भरलेलं असताना लावलं. तिसऱ्या भागापर्यंत आत्याने दोनदा ‘गॅस बंद आहे ना?’ म्हणून विचारलं, मग सरळ बटण बंद केलं.

चवथ

घुमट नीट पाहिला आहे का कधी? मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता त्यावर बंदी, म्हणून शेळीचं. उजवा हात कातड्यावर वाजवतो. पण खरी करामत डाव्या तळव्याची. मागचं लहान तोंड तो झाकतो, उघडतो, अर्धवट झाकतो, आणि आतली हवा ‘धुम्’वरून ‘धुंव्’वर जाते. मातीचं मडकं बोलायला लागतं ते तिथे.

आता ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं 1927 चं ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’ लावा. ट्रंपेट वाजवणारा बबर मायली. एका हातात ट्रंपेट, दुसऱ्या हातात रबराची वाटी, मोरीचा बोळा साफ करायची असते तीच. ट्रंपेटच्या तोंडावर ती वाटी झाकायची, उघडायची, अर्धवट झाकायची. पितळ गुरगुरतं, कण्हतं, हसतं. मी हे आमच्या काकांना ऐकवलं. चाळीसेक वर्षं देवळात घुमट वाजवणारा माणूस, इंग्रजी गाण्याशी संबंध नाही. मिनिटभर मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, “तोंड धांपता मरे तो!” म्हणजे झाकतोय की तो. मी काहीही सांगितलं नव्हतं. शेवटी अंत्ययात्रेची धून येते, शोपँची, तीही त्यांनी लगेच ओळखली. मयतीच्या बँडमध्ये ऐकली होती म्हणे.

आरतीची दुसरी गोष्ट म्हणजे एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. त्यासाठी आर्ट ब्लेकी आणि जॅझ मेसेंजर्सचं 1958 चं ‘मोनिन’ ऐका. पियानो एक ओळ म्हणतो, बाकी सगळे दोन सुरांत तिला दुजोरा देतात. त्यांच्या चर्चमध्ये उपदेशकाला लोक ‘आमेन’ म्हणतात, तेच हे. टाळ हातात असेल तर वाजवावासा वाटेल. वाजवा.

दिवाळी ते नाताळ

नरकासुराच्या रात्री काहीही ऐकता येणार नाही, चौकाचौकांत भिंती हादरवणारे स्पीकर असतात. तो नाद सोडा. पहाटे कारीट फोडून, पोहे खाऊन झाले की कान जरा सुन्न असतात, तेव्हा अ‍ॅलिस कोल्ट्रेनचं 1971 चं ‘जर्नी इन सच्चिदानंद’ हळू आवाजात लावा. हार्प आहे, सॅक्सोफोन आहे आणि चक्क तंबोरा आहे. बाकी काही सांगायची गरज नाही.

19 डिसेंबर, मुक्तिदिन. त्या दिवसासाठी जॉन कोल्ट्रेनचं ‘इंडिया’. तारखांचा योगायोग मला फार आवडतो. हे वादन न्यू यॉर्कमध्ये नोव्हेंबर 1961 मध्ये ध्वनिमुद्रित झालं, पुढच्या महिन्यात गोवा मुक्त झाला. कोल्ट्रेनला त्याची खबर असायचं कारण नव्हतं, त्याच्या डोक्यात भारतीय संगीत होतं. दोन बेस मिळून तंबोऱ्यासारखा आस धरतात, आणि एरिक डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट मध्येच कुठल्याशा अनोळखी पक्ष्यासारखा बोलतो. चौदा मिनिटं लागतात. पहिल्या खेपेला अर्ध्यावर सोडलंत तरी चालेल.

नाताळला शेजारच्या घरातून क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली थाळी येते. नेवऱ्या, दोदोल, बेबिंकचा एक तुकडा. चवथीला आपण पाठवलेली थाळी अशी परत येते. ती खाताना विन्स ग्वाराल्डीच्या त्रिकुटाची 1965 ची ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ लावा. मुलांच्या कार्टूनसाठी केलेलं संगीत आहे, म्हणून हलकं समजू नका. पियानो इतका स्वच्छ क्वचित मिळतो. ज्यांना पितळी वाद्यं हवीत त्यांच्यासाठी एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी 1960 मध्ये चायकोव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’ची केलेली जॅझ आवृत्ती आहे. परीचा नाजूक नाच त्यांच्या हातात आला की रात्री उशिरा घरी परतणाऱ्या बाईच्या चालीचा होतो.

31 ला रस्त्यावर पोरं जुन्या कपड्यांचा ‘ओल्ड मॅन’ बसवून वर्गणी मागतात आणि मध्यरात्री तो जाळतात. त्यानंतर एलाच्या 1960 च्या नाताळ तबकडीतलं ‘व्हॉट आर यू डुइंग न्यू इयर्स ईव्ह’. बाहेर फटाके चालू असताना खिडकी लावून.

कार्निव्हल, उपास आणि शिगमो

आमच्या कार्निव्हलचा राजा किंग मोमो गादीवर बसून ‘खा, पिये आनी मजा कर’ असं फर्मान काढतो. जॅझचं माहेर असलेल्या न्यू ऑर्लीन्समध्येही त्याच दिवसांत मार्डी ग्रा असतो, उपासकाळ लागायच्या आदल्या मंगळवारी संपणारा. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या झुलू क्लबने 1949 साली आपला राजा म्हणून लुई आर्मस्ट्राँगला बसवलं होतं. गवताचा झगा, तोंडाला रंग आणि हातात राजदंड. म्हणजे तोही मोमोच. कार्निव्हलच्या चार दिवसांत डर्टी डझन ब्रास बँडचं 1984 चं ‘माय फीट कान्ट फेल मी नाऊ’ ऐका. डबल बेसचं काम इथे सूझाफोन करतो, अंगाभोवती गुंडाळलेला तो पितळेचा अजगर. त्याच्या जोडीला मडगावचे क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची कोंकणी गाणी ठेवा. ती जॅझ आहेत की नाहीत यावर भांडणारे भांडोत. मागची पितळी वाद्यं ऐकली की क्रिस पेरीने रात्र-रात्र काय ऐकलं असेल ते कळतं.

मग राखेचा बुधवार येतो आणि सगळं शांत होतं. त्या दिवसांत चार्ली हेडन आणि हँक जोन्स यांचं ‘स्टील अवे’. फक्त बेस आणि पियानो, गुलामीच्या काळातली प्रार्थनागीतं. कुठेही कसरत नाही.

शिगम्याला ढोल-ताशे आणि कासाळी (मोठ्या झांजा) कानात तीन दिवस घुमतात, तेव्हा नुसत्या तालाचं ऐकायला कान तयार असतो. मॅक्स रोचचं ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ घ्या. पायांनी तीन मात्रांचा ठेका अखंड धरलेला, वर हात गोष्ट सांगताहेत. दुसरं वाद्यच नाही. ब्लेकीचं ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ मात्र मिरवणुकीसारखं दणदणीत. ब्लेकीचे व्हिडिओ मिळाले तर पाहा, एका हाताने वाजवताना दुसऱ्या हाताचं कोपर तो ड्रमच्या कातड्यावर दाबतो आणि सूर वर चढवतो. काकांना मी अजून हे दाखवलेलं नाही, शिगम्यासाठी राखून ठेवलंय.

एप्रिल, मे

30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस. युनेस्कोने 2011 मध्ये ठरवला. त्याच्या आसपास गोव्यात कुठे ना कुठे वादन असतं, शिवाय नोव्हेंबर ते मार्च या हंगामात तर बरंच. प्रत्यक्ष ऐकायला जाणार असाल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. वेळेवर जा, कारण उघड्यावरचे स्पीकर दहाला बंद करावे लागतात. ड्रम्सच्या अगदी पुढ्यात बसू नका, बाकी काही ऐकू येत नाही. आणि एखाद्याचं सोलो संपलं की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवायच्या असतात. आपल्याकडे तिहाई समेवर आली की ‘वाह’ जातो, तसंच. संकोच करू नका.

उकाड्यात ‘समरटाइम’ सगळे लावतात, तुम्हीही लावाल. जॉर्ज गर्श्विनने 1935 च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरासाठी केलेलं ते अंगाईगीत आहे हे लक्षात ठेवून एला आणि लुईचं ऐका, वेग आपोआप कळेल. ‘गेट्झ-जिल्बेर्तो’ ही 1964 ची तबकडी मे महिन्यातल्या वाऱ्यासाठीच केली असावी. जुआंव जिल्बेर्तो पोर्तुगीजमध्ये इतक्या जवळून गातो की बाजूच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असं वाटतं.

आणि गुलमोहर फुलला की अहमद जमालचं ‘पॉइन्सियाना’. रॉयल पॉइन्सियाना हे गुलमोहराचंच इंग्रजी नाव. शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात जानेवारी 1958 मध्ये लोकांसमोर वाजवलेलं, आठेक मिनिटांचं. ड्रम्सवर न्यू ऑर्लीन्सचा व्हर्नेल फोर्निए. तो गावाकडच्या मिरवणुकीचा ठेका इथे मऊ काठ्यांनी वाजवतो, त्यामुळे पियानोला घाई करावीच लागत नाही. जमाल एक ओळ वाजवतो आणि मध्ये भरपूर जागा सोडतो. त्या जागेत काय ऐकू येतं ते पाहा. आमच्या अंगणात एकदा सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा नेमका तिथे वाजला आणि तालात बसला.

एक जूनच्या आत हेही फोनमध्ये उतरवून ठेवा.